दिष्ट चालली

ठमीला भीत नाही असं माणूस अख्ख्या खारआळीत सापडलं नसतं. मिठागराचा मुकादम तिच्याशी बोलताना डोक्यावरची टोपी सारखी करायचा. तिचा नवरा अंबाजी दिवसभर मिठाच्या टोपल्या वाहणारा दांडगा गडी, पण घरात पाऊल टाकायच्या आधी तोही बायकोच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचा. ठमीची जीभ म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजत घातलेली सुरी. भांडायला उभी राहिली की समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरून मगच खाली बसायची. पण मनाने अशी की त्याच घरात कुणी आजारी पडलं तर पेजेचं भांडं पहिलं हिचंच जायचं.

रेवसच्या धक्क्यापासून पायी तासाभरावर, खाडीच्या काठाला खारआळी. वीस-बावीस घरं, सगळी आगऱ्यांची. पावसाळ्यात भात आणि दिवाळी सरली की मीठ. स्वराज्य मिळालं त्याच सालात ठमी लग्न होऊन इथं आली. तेव्हा तिला सोळावं लागलं होतं. पाच वर्षांत दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले. पहिला आठ महिन्यांचा होऊन छातीत कफ दाटून गेला. दुसऱ्याचा कान वाहायला लागला, मग ताप मेंदूत चढला आणि चौदाव्या महिन्यात तोही गेला. दोघंही जन्मले तेव्हा चांगले धट्टेकट्टे होते. ठमीच्या माहेरी तिचे दोन भाऊसुद्धा असेच पाळण्यात गेले होते. पण ते आणि हे कुणी एका जागी ठेवून बघितलं नाही. कोण बघणार? पोरं जायचीच त्या काळात.

तिसरा सदू. बावन्न सालचा जन्म. गोरा, गुटगुटीत, डोक्यावर हे एवढं जावळ. बारशाला शेजारची कृष्णाबाई आली, पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "ठमे, पोर हाय का राजाचा बेटा गो!"

झालं. म्हणाली ती म्हणाली, वर थू थूसुद्धा केलं नाही. कृष्णाबाई स्वतः पाच धडधाकट पोरांची आई, तिला कुणाच्या पोराची असूया वाटायचं कारण काय? पण सदूला आठवा महिना लागला आणि ताप आला. ताप उतरला तर कान फुटला, कान बरा झाला तर अंगावर गळवं, गळवं बसली तर पुन्हा छाती. ठमीने हिशेब जुळवून टाकला. कृष्णाबाईची दिष्ट लागली! त्या दिवसापासून दोन घरांमधलं कुंपण वितभर उंच झालं, आणि कृष्णाबाई अंगणात दिसली की ठमी सदूला पदराखाली घ्यायची.

रोज तिन्हीसांजेला दिष्ट काढायची. मिठाला काय तोटा, दारात डोंगर. मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या सदूवरून सात वेळा उतरवून चुलीत टाकायच्या. मिरच्या जळूनसुद्धा ठसका लागला नाही की दिष्ट जबर. आणि ठसका कुणालाच लागायचा नाही, सदूशिवाय. तो खोकून खोकून निळा पडायचा. ठमी म्हणायची, बघा, बाहेर पडताना कशी छळतेय!

सदू चार वर्षांचा झाला तेव्हा ताप तीन आठवडे हटला नाही. अलिबागच्या डॉक्टरने हात टेकले. तेव्हा अंबाजीने पोराला खांद्यावर टाकलं आणि रेवसहून लाँच धरली. भाऊच्या धक्क्यावर उतरून, माझगावला राहणाऱ्या चुलतभावाला घेऊन तो एका मोठ्या इस्पितळात गेला. ठमी मागून गाठोडं घेऊन.

तिथला डॉक्टर पुण्याकडचा होता. तरुण, चष्मेवाला, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून मग तोंडातून काढलेला. पण माणूस मायाळू. त्याने सदूला दीड महिना ठेवून घेतलं, सतरा वेळा रक्त काढलं, पुस्तकं उघडली, थोरामोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. शेवटी नवराबायकोला समोर बसवून तो म्हणाला, "याच्या रक्तात एक गोष्ट जन्मतःच नाही. रोग शरीरात शिरला की त्याला अडवणारी शक्ती. तुमच्याआमच्यात ती असते. याच्यात नाही."

ठमी म्हणाली, "मंग बाहेरून आना की."

अंबाजी म्हणाला, "बांधाला खांड हाय म्हना की, डाक्टर."

डॉक्टरला कळेना. अंबाजीने त्याला समजावलं, की खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आम्ही बांध घालतो, त्याला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, मग भरतीचं सगळं पाणी आत. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अगदी असंच आहे. आणि ही खांड कायमची बुजणार नाही. आपण दर तीन आठवड्यांनी वरून माती टाकत राहायची."

ती माती म्हणजे एक सुई. दर तीन आठवड्यांनी मुंबईला जायचं, सुई टोचून घ्यायची, परत यायचं. शिवाय डॉक्टरने बजावलं की पाणी उकळून द्या, धूर नको, गर्दी नको, सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको, हात धुतल्याशिवाय पोराला शिवायचं नाही.

आता ठमीला कुणी एखादी गोष्ट सांगावी आणि तिने ती अर्धवट करावी, असं कधी झालंय? तिने घराचं इस्पितळ केलं. सदूचे कपडे डब्यात उकळायचे. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. उंबऱ्याच्या आत परक्याने पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर ठमीचं तोंड सुटलंच. अंबाजी मिठागरावरून आला की दारातच हातपाय घासून घ्यायचा. खारआळी हसायला लागली. "आगऱ्याच्या घरात बामनाचा सोवला!" हसू देत. धूर बंद म्हणून दिष्ट काढायची रीतसुद्धा तिने बदलली. मीठ उतरवून चुलीत टाकण्याऐवजी पाण्यात सोडायचं. मीठ विरघळलं की दिष्ट विरघळली.

आणि सदू तगला. वर्ष गेलं, पोर चालतंय, बोलतंय, शिंपल्यांचा खेळ मांडून आतल्या खोलीत तासन् तास बसतंय. पाचवं सरलं. ठमीच्या एकाही पोराने कधी पाचवं बघितलं नव्हतं. एवढंच तिला हवं होतं, हे एक पोर जगायला पाहिजे. दुसरं काही मागणं नव्हतं.

मग डोळे यायला लागले. लाल व्हायचे, पाणी गळायचं. दारात उभं राहिलं की समोर पाण्याने भरलेलं मिठागर, उन्हात लखलखणारं. तिकडे तोंड केलं की सदू डोळे गच्च मिटून रडायचा. पुढच्या सुईच्या फेरीला ठमीने डॉक्टरला ते सांगितलं. अंबाजी तेव्हा औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता. हे लक्षात ठेवायचं, कारण अंबाजी तिथं असता तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

डॉक्टरने खिडकीचे पडदे ओढले. छोटी बत्ती घेऊन सदूच्या डोळ्यांत कितीतरी वेळ बघत राहिला. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात. मग बत्ती खाली ठेवून म्हणाला, "बाई, मन घट्ट करा. याची दृष्टी जाते आहे."

"काय म्हनलात?"

"दृष्टी. याची दृष्टी जाते आहे."

ठमीचा कानांवर विश्वास बसेना. चार वर्षं ती ज्याच्यासाठी रोज मीठ उतरवत होती, ते हा एवढा शिकलेला माणूस तोंडाने सांगत होता!

आता हसू नका. खारआळीत डोळ्यांना डोलं म्हणतात. दिसत नसलं तर डोलं गेलं म्हणतात. दृष्टी असा शब्द तिथं कुणाच्या बापाने ऐकला नव्हता. तिथं असते ती दिष्ट, आणि ती लागते, काढतात, जाते. आपण डोलं म्हणतो तर डॉक्टर डोळे म्हणतो, आपण पानी म्हणतो तर तो पाणी म्हणतो, तसं आपण दिष्ट म्हणतो तर तो दृष्टी म्हणतो. ठमीला यात शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही.

"खरंच जातेय?" तिने विचारलं.

"तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

"सगली जाईल?"

"काही केलं नाही तर सहा-आठ महिन्यांत पूर्ण जाईल."

काही केलं नाही तर! म्हणजे आता मीठसुद्धा उतरवायला नको. आपोआप जाईल. ठमीच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती खाली वाकली आणि तिने त्या पोरसवद्या डॉक्टरचे पाय धरले. डॉक्टर ओशाळला. त्याला ते आईचं दुःख वाटलं. घाईघाईने त्याने एक कागद लिहिला, तिच्या हातात कोंबला आणि म्हणाला, "बुधवारी हा वर दाखवा. विसरू नका." वर म्हणजे वरच्या मजल्यावर, डोळ्यांच्या डॉक्टरांना. ठमीने मान डोलावली. बुधवारी तिने न्हाऊन, ओलेत्याने, तो कागद घरातल्या देवाला दाखवला आणि देवाच्या फळीवर ठेवून दिला. वर आणखी कोण असतं?

महिन्याभराने तो डॉक्टर शिकायला विलायतेला गेला. सुईच्या खोलीत एक नर्स होती, तिच्यासमोर पन्नास पोरांची रांग. दंड पुढे करायचा, टोचून घ्यायचं, पुढचा. पोराच्या तोंडाकडे बघायला तिला फुरसत कुठली? शिवाय सदूला गर्दीची बाधा नको म्हणून ठमी त्याला सगळी वाट कडेवर घ्यायची, डोक्यावरून पातळ पांघरूण टाकून. पाच वर्षांचं पोर मुंबईच्या रस्त्यावर स्वतःच्या पायांनी कधी चाललंच नाही.

इकडे खारआळीत ठमीने गूळ-खोबरं वाटलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून, हात लांब करून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलं. "मुंबईचा डाक्टर म्हनाला, सदूची दिष्ट चालली. सा-आठ म्हयन्यांत पुरी जाईल. बरा व्हतंय माझा सदू!" येईल त्याला सांगायची, जाईल त्याला हाका मारून सांगायची. अंबाजीलासुद्धा आनंद झाला. त्याच्या कानावर आली ती दिष्टच, त्यालाही कसली शंका आली नाही. सदू आत बसून शिंपल्या लावत ते सगळं ऐकायचा.

आणि देवाशप्पथ, लक्षणंसुद्धा तशीच दिसायला लागली. डोळे लाल व्हायचे थांबले. पाणी गळायचं थांबलं. पौषात एकदा भर दुपारी सदू दारात येऊन बसला, समोर पांढरंफेक मिठागर, आणि पोराने डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे! ठमीने अंबाजीला हाक मारून दाखवलं. "बगा, बगा, कसा बगतंय! पैले रडायचा." दोघंही उभी राहून कौतुकाने बघत राहिले. ते आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पोर पेला तोंडाशी नेण्याआधी बोटाने काठ चाचपतं, ते ठमीला शिस्तीचं वाटलं. भिंतीला हात लावून चालतं, ते अशक्तपणाचं. एकदा सदूने भर दुपारी विचारलं, "आये, दिवा लावायचा न्हाय का?" ठमी म्हणाली, "लबाडा, तेल काय फुकट येतं?" आणि हसली.

दिसलं ते कृष्णाबाईला. कुंपणापलीकडून तिने सदूला अंगणात उभं असलेलं बघितलं आणि ओले बोंबील वाळत घालता घालता एक उचलून त्याच्यासमोर हलवला. सदू हसला नाही, मागे सरला नाही. तिने आणखी जवळ नेला. वास आला तेव्हा त्याने मान फिरवली, ती बोंबलाकडे नाही, भलतीकडेच. कृष्णाबाईच्या हातातला बोंबील खाली पडला. "ठमे," ती ओरडली, "ठमे, पोराला दिसत न्हाय गो!"

ठमी बाहेर आली ती वाघिणीसारखी. "तुजा मुडदा बशिवला! एकदा दिष्ट लावलीस ती आता कुठं चालली, तर दुसरी लावतेस? माज्या पोराचे डोलं खुपतात तुला? जा, आपल्या पाचांचे डोलं बग!"

"ठमे, देवाची आन घे, बग तरी..."

"तोंड काला कर!"

कृष्णाबाई गेली. रडत गेली. दोन दिवस ती जेवली नाही असं नंतर तिच्या मोठ्या सुनेने सांगितलं. आणि ठमी? ठमीने सहा महिन्यांनंतर पहिल्यांदा पुन्हा मूठभर मीठ सदूवरून उतरवलं.

जूनमध्ये शाळेचे दत्तात्रेय गुरुजी घरोघर मुलांची नावं लिहायला आले. सदूला सहावं पुरं होत आलं होतं. ठमी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "माझा पोर शालेत येनार न्हाय. तितं सगल्यांना शेंबूड."

गुरुजी हसले. बिचारे वयस्कर होते, आळीतल्या सगळ्यांची बोलणी खाऊन निबर झालेले. म्हणाले, "शाळेत नको, बाई. आठवड्यातून दोनदा मी इथं पडवीत बसून शिकवीन. मला सर्दी नाही, हे बघा." आणि त्यांनी नाकातून जोरात श्वास ओढून दाखवला. ठमीला ते पटलं. तिने त्यांना आधी हात धुवायला लावले, पाणी स्वतः घातलं, मग सदूला आणून पुढ्यात बसवलं.

गुरुजींनी पाटीवर भलामोठा 'ग' काढला आणि सदूच्या मांडीवर पाटी ठेवली. "सांग बाळ, काय आहे?"

सदूने पाटीवरून तळहात फिरवला. अक्षर पुसलं गेलं. "थंड हाय," तो म्हणाला.

ठमी हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सदूच्या तोंडासमोर हात आडवा हलवला. मग बोटं डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. पापणी लवली नाही.

"बाई," ते हळू म्हणाले, "याचे डोळे कुणाला दाखवलेत का?"

"तर! मुंबईच्या मोठ्या डाक्टरला. त्यानं कागद दिलाय." ठमी तरातरा आत गेली, देवाच्या फळीवरून हळदकुंकवाचे डाग पडलेला कागद घेऊन आली. मोठ्या तोऱ्यात तिने तो गुरुजींच्या हाती दिला. कागद इंग्रजीत होता. गुरुजींचं इंग्रजी बेताचं, त्यांनी ओठ हलवत हलवत वाचला. पहिल्यांदा, मग दुसऱ्यांदा. मग वरची तारीख बघितली. त्यांचा चेहरा असा झाला की ठमीने आपणहून खुलासा केला, "दिष्ट चालली म्हनून लिवलंय. डाक्टर मना तोंडानं बोलला. म्हनाला, याची दृष्टी जाते, काही केला न्हाय तर सगली जाईल. मी कायच केला न्हाय, गुरजी."

"कायच केलं नाही?"

"कायच न्हाय."

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई," ते म्हणाले, "दृष्टी म्हणजे दिष्ट नव्हे. दृष्टी म्हणजे डोळ्यांनी दिसणं. ते जातंय असं तो सांगत होता. ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या असं यात लिहिलंय. आठ महिने झाले या कागदाला."

जिने आयुष्यात कुणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता, ती ठमी तोंड उघडं टाकून उभी होती. मग ती सदूसमोर जाऊन उकिडवी बसली. अगदी समोर, हातभर अंतरावर. श्वास रोखला. हातातल्या काकणांचा आवाज होऊ नये म्हणून ती दुसऱ्या हाताने गच्च धरली. सदूचे डोळे उघडे होते, काळेभोर, सुंदर, तिच्याकडे लागलेले. ती वाट बघत राहिली. हसेल. ओठ हलेल. काहीतरी होईल.

सदूने मान जरा उचलली, कान दिला. आणि दाराकडे तोंड करून जोरात हाक मारली, "आये! कुठं गेलीस?"

ठमी तिथल्या तिथं मटकन खाली बसली. गुरुजींना वाटलं बाई किंचाळेल, ऊर बडवेल. तसं काहीच झालं नाही. ती नुसती म्हणत राहिली, "मी गूल वाटला. गुरजी, मी गूल वाटला हो." किती वेळा म्हणाली त्याला गणती नाही.

अंबाजी शेतावरून धावत आला तेव्हा त्याला ते गुरुजींनीच सांगितलं. त्याने ऐकलं, एकदा सदूकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं ठमी पुढे म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. बांधावर कृष्णाबाई उभी होती, हातात पाण्याची कळशी, प्रवासाला निघालेल्यांच्या पायांवर घालायला. ठमी तिच्यासमोर थांबली. माफी मागायची तिला सवय नव्हती, शब्द येईनात. तिने कडेवरचा सदू उचलला आणि कृष्णाबाईच्या कडेवर दिला. रेवसच्या धक्क्यापर्यंत तासाभराची वाट सदू कृष्णाबाईच्याच कडेवर गेला.

इस्पितळात वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी कागद वाचला, तारीख बघितली आणि आधी रागाने लाल झाल्या. मग ठमीने सगळं सांगितलं. दृष्टी आणि दिष्ट, काही केलं नाही तर, आणि वर दाखवा. एक अक्षर लपवलं नाही. बाईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्या खुर्चीत बसून राहिल्या. "अहो, असं कसं," एवढंच दोनदा म्हणाल्या.

सदूला त्यांनी तासभर तपासलं. उजवा डोळा पूर्ण गेला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रोग लागून तो सुकला होता, त्याला आता काही इलाज नव्हता. डाव्यात मात्र अजून उजेड कळत होता, हात हलला तर सावलीसारखं काहीतरी कळत होतं. "हे जेवढं उरलंय तेवढं राखायचं," बाई म्हणाल्या. "नवी औषधं आलीत. आजपासून थेंब, गोळ्या, सगळं. राहील, पण एक दिवस चुकता कामा नये. आणि याने जरा काही कमी दिसलं की लगेच सांगायला हवं." मग त्या सदूकडे वळल्या. त्याची हनुवटी उचलून त्यांनी विचारलं, "काय रे राजा, दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा आईला का नाही सांगितलंस?"

सदूला प्रश्नाचं नवल वाटलं.

"आयेला ठाव हाय की," तो म्हणाला. "आये सगल्यांना सांगत व्हती, चालली, चालली, सदू बरा व्हतंय. मना वाटला, बरा व्हताना असाच काला काला व्हतं."

अंबाजीने तोंड भिंतीकडे केलं. सदूने हात पुढे करून आईचा पदर शोधला, तो सापडला तेव्हा ओढला, आणि जरा अपराध्यासारखं, हळूच विचारलं, "आये, या डोल्यात थोरा उजेड रायलाय अजून. तो पन जाईल ना?"

ठमीने त्याला छातीशी धरलं. एवढा जोराने, की बाई डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाय, सदू," ती म्हणाली. "तो जाऊ द्यायचा न्हाय. तो आपल्याला पायजे."